पुरंदरचा मुरूम आणि आमचें अंजीर

दिवेघाटाच्या वाटेनें आजवर लाखों लोक गेले असतील. कोणी ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर, कोणी जेजुरीच्या खंडोबास, कोणी पुरंदर किल्ला पाहावयास. आम्ही मात्र २०२० सालच्या फेब्रुवारींत त्या वाटेनें गेलों ते माती पाहावयास, आणि परत येतांना एक पोतें मुरूम घेऊन आलों. ही हकीकत ऐकून आमचे व्याही पोट धरून हंसले; वाचकांसही हंसूं आल्यास आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या कारणासाठीं हा प्रवास करावा लागला, तें कारण त्या वेळीं आम्हांस हंसण्यासारखें वाटत नव्हतें.

सदाशिव पेठेंतील आमच्या जुन्या वाड्याच्या मागील दारीं, न्हाणीच्या मोरीपाशीं, एक अंजिराचें झाड होतें. मातोश्रींचें माहेर सासवडचें. लग्नानंतर पहिल्या खेपेस त्या माहेरीं गेल्या, तेव्हां परत येतांना ओल्या फडक्यांत गुंडाळलेली अंजिराची एक फांदी घेऊन आल्या आणि ती त्यांनीं मोरीपाशीं खोंचली. आमच्या आजीबाईंस हें फारसें रुचलें नव्हतें म्हणे. परंतु न्हाणीच्या पाण्यावर तें झाड असें फोफावलें कीं, पुढें आजीबाईच आल्यागेल्यास तें कौतुकानें दाखवूं लागल्या. आम्ही तिघे बंधु त्या झाडाखालीं वाढलों. उन्हाळ्यांत फळें पिकूं लागलीं म्हणजे पहिलें फळ देवास, आणि पुढचीं मातोश्रींच्या हातून, विळीवर चार-चार फोडी करून, घरांतील सर्व मुलांस. आपलें मूल कोणतें आणि जावांचें कोणतें, हें त्या फोडींवरून कधीं कोणास ओळखतां आलें नाहीं.

२०१८ सालीं वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उभी करण्याचें ठरलें. झाडाचीं मुळें मोरीच्या दगडांखालीं इतकीं शिरलीं होतीं कीं, तें काढून दुसरीकडे लावणें अशक्य होतें. तेव्हां माघ महिन्यांत, झाड पानें टाकून उघडें झालें असतांना, आम्हीं आंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या पांच कांड्या कापून घेतल्या. अंजिराची कांडी रुजविणें ही कांहीं मोठी विद्या नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा जो अध्याय आहे, त्यांत डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादि झाडें शेणानें माखलेल्या कांड्यांपासून लावावीं असें सांगितलें आहे. आम्हीं अंजिरास तोच न्याय लावला. पांचही कांड्या फुटल्या. पुढें जें झालें त्यास वराहमिहिर जबाबदार नाहीं.

भाड्याच्या घराच्या गच्चीवर मोठाल्या कुंड्या मांडून आम्हीं त्यांत हीं रोपें लाविलीं. माती कोणती घालावी याविषयीं आमच्या मनांत शंकाच नव्हती. बारामतीकडे आमच्या मेहुण्यांचा मळा आहे. तेथील काळीभोर, लोण्यासारखी मऊ माती मुद्दाम मागविली. तळाशीं निचऱ्यासाठीं म्हणून चार बोटें खापरांचा थर दिला. वर सांगितलेल्या अध्यायांतच सर्व वृक्षांस मृदु भूमि हितकर म्हटली आहे. तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या मनुष्यानें मृदु या शब्दाचा अर्थ काळी माती असा केला, आणि जी ओली असतांना लोणी व वाळल्यावर दगड होते तीस मृदु म्हणावें काय, हा प्रश्न एकदांही मनांत आणला नाहीं. आषाढांत दोन रोपांचीं पानें पिवळीं पडलीं. पानें मलूल दिसतात असें पाहून आम्हीं आणखी पाणी घातलें! दोन्ही रोपें गेलीं. उपटून पाहतों तों मुळें काळीं, बुळबुळीत, आणि मातीस कुजकट वास. पुढल्या वर्षींच्या पावसाळ्यांत आणखी दोन त्याच वाटेनें गेलीं. २०२० साल उजाडलें तेव्हां मातोश्रींच्या माहेरच्या फांदीचा वंश म्हणून एकच रोप उरलें होतें, आणि त्याचीही पानें कडांनीं करपत चाललीं होतीं.

मातोश्रींचें वय त्या वेळीं ८६. गुडघ्यांमुळें त्यांस गच्चीवर चढतां येत नसे. रोज सकाळीं चहा घेतांना त्या विचारीत, "अंजिरं कशी आहेत रे?" आणि आम्ही रोज सांगत असूं, "ठीक आहेत." जन्मभर मुलांस सत्य बोलण्याचे धडे दिलेल्या मास्तराची ही स्थिति!

कुंडीसाठीं तयार मिश्रण बाजारांत मिळतें हें ऐकून आम्ही एका दुकानांत गेलों. एका मोठ्या पिंपापुरत्या मिश्रणाची किंमत ऐकली आणि हातांतील पिशवी तेथेंच विसरून बाहेर आलों. निवृत्तिवेतनावर असल्या चैनी होत नाहींत.

सुदैवानें आमचा एक जुना विद्यार्थी कृषि महाविद्यालयांत मृदाशास्त्र शिकवितो, तो त्याच आठवड्यांत सहज भेटीस आला. त्यानें कुंडींत बोट घातलें, वास घेतला, आणि न्हाणीघरांतला स्पंज मागितला. आम्हांस वाटलें हात धुणार असेल. त्यानें स्पंज पाण्यांत बुडवून तळहातावर आडवा धरला. पाणी ठिबकलें, ठिबकलें आणि थांबलें. मग त्यानें तोच स्पंज उभा केला. तोंच खालच्या टोंकांतून पुन्हां पाण्याची धार लागली.

"सर," तो म्हणाला, "स्पंज तोच, पाणीही तेंच. पण कोणत्याही बारीक छिद्रांच्या पदार्थांत तळाशीं ठराविक उंचीपर्यंत पाणी अडकून राहतें. तें आपल्या वजनानें खालीं पडत नाहीं. ती उंची भांड्यावर नाहीं, मातीच्या बारीकपणावर अवलंबून असते. शेतांत माती खोल असते, खालची माती वरचें पाणी ओढून घेते. कुंडीला तळ आहे. तुमच्या काळ्या मातींत ही ओल कुंडीच्या निम्म्यापर्यंत उभी आहे, आणि मुळें त्यांत गुदमरत आहेत."

आम्हीं मोठ्या आशेनें खापरांच्या थराचा उल्लेख केला. तो जरा संकोचला, कारण गुरूची चूक दाखविणें त्याच्या जिवावर आलें असावें. परंतु त्यानें सांगितलें तें असें: बारीक मातींतलें पाणी, ती माती पुरती तुडुंब झाल्याखेरीज, खालच्या भरड खापरांत उतरतच नाहीं. म्हणजे खापरांनीं ओल खालीं न्यावयाची ती उलट चार बोटें वर चढविली, आणि मुळांची जागा तेवढी कमी केली. भोंकावर माती वाहून जाऊं नये म्हणून एखादें खापर पुरे, थर नको. ही खापरांची चाल आमच्या आजोबांपासून चालत आलेली. ती चुकीची आहे हें पत्करावयास आम्हांस दोन दिवस लागले.

निघतांना तो म्हणाला, "सर, अंजीर कुठें सुखानें नांदतें तें एकदां डोळ्यांनीं पाहून घेऊं. रविवारीं मी मोकळा आहें." असा हा प्रवास ठरला. मातोश्रींस आम्हीं सांगितलें कीं, एका विद्यार्थ्याकडे कार्य आहे.

स्वारगेटहून सासवडची गाडी मिळाली. हडपसरचा भाजीपाल्याचा मुलूख आमच्या लहानपणीं डोळ्यांचें पारणें फेडीत असे. आतां तेथें इमारतींमागून इमारती. वडकी मागें पडली आणि घाट लागला. खालीं मस्तानी तलाव, त्याचे दगडी बांध, आणि पलीकडे धुरकट पुणें. आम्ही तिकडे पाहत असतां आमच्या विद्यार्थ्यानें कोंपरखळी देऊन आमचें तोंड दुसऱ्या बाजूस, रस्त्यासाठीं कापलेल्या डोंगराकडे वळविलें. "धडा इकडे आहे, सर."

आणि खरोखरच तो एखाद्या उघड्या पुस्तकासारखा होता. अगदीं वर हातभर, कोठें वीतभर, तपकिरी माती. तिच्याखालीं पिवळट-तांबूस, भुसभुशीत, हातानें चुरडतां येईल असा मुरूम. आणि त्याखालीं काळा कातळ. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून आलेल्या लाव्ह्याचा आपला सगळा दख्खन बनला आहे. तो कातळ ऊनपावसानें झिजला कीं मुरूम होतो, आणि मुरूम आणखी झिजून, पाण्यानें वाहून सखल जागीं सांचला कीं काळी माती होते. कातळ आजोबा, मुरूम मुलगा, आणि काळी माती नात. नात फार गुणाची खरी, परंतु ओली झाली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते. नदीकांठीं वीस हात खोल असतांना तिचे हे लाड चालतात. कुंडींत चालत नाहींत.

घाटमाथा ओलांडला कीं हवा पालटते. हा तालुका पर्जन्यछायेंतला. पश्चिमेच्या डोंगरांवर ढग रिकामे होतात आणि येथें उरलेसुरलें येतें. रान उजाड दिसतें, पण त्या उजाड रानांत मधूनच अंजिराच्या व सीताफळाच्या बागा गर्द हिरव्या उठून दिसतात. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी हीं अंजिराचीं जुनीं गांवें. पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. सोनोरीवर मल्हारगड आहे. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनीं तो बांधला, आणि मराठ्यांनीं बांधलेल्या किल्ल्यांत तो अगदीं शेवटचा मानतात. पायथ्याशीं त्यांचा वाडा आहे. इतिहासाच्या शिक्षकास येथें अर्धा दिवस सहज पुरला असता. आम्ही खालूनच नमस्कार करून बागेंत शिरलों.

बागेचे मालक सत्तरीचे गृहस्थ, विद्यार्थ्याच्या ओळखीचे. अंजिरास दोन बहार धरतात, खट्टा आणि मीठा. उन्हाळ्यांतल्या मीठ्या बहाराचीं फळें नुकतीं कोठें पिकूं लागलीं होतीं. आम्हीं आमची कर्मकथा सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली, आणि झाडांच्या ओळीपाशीं एक नवा खड्डा खणलेला होता तेथें नेलें. वरची माती गुडघ्याइतकीही नव्हती. खालीं सगळा मुरूम, आणि शेजारच्या झाडाचीं पांढरीं तंतुमुळें त्या मुरमांत खुशाल पसरलेलीं. त्यांनीं घागरभर पाणी त्या खड्ड्यांत ओतलें. आम्ही चष्मा पुसून पुन्हां पाहतों तों पाणी जिरलेलें.

"गुरुजी," ते म्हणाले, "अंजिराचं पाय वलं ऱ्हायलं की झाड गेलंच म्हणून समजा. पानी पायजे, पर पानी थांबाया नको."

आम्हांस एकदम मोरीची आठवण झाली. "आबा, मग आमचें वाड्यांतलें झाड साठ वर्षें कसें जगलें? तेथें तर बारा महिने न्हाणीचें पाणी वाहत होतें."

"मोरीखाली काय व्हतं?"

"दगड."

"मंग! दगडातनं पानी व्हातं आन् वारा बी खेळतो. तुम्ही पानी न्हाई जास्त घातलं, वारा कोंडला."

पुस्तकांत जें आम्हांस सांपडलें नाहीं आणि विद्यार्थ्यानें स्पंजानें समजाविलें, तेंच या गृहस्थांनीं तीन शब्दांत सांगितलें. झाडाचीं मुळें श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असावी लागते. त्या पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं मूळ प्रथम थकतें, मग कुजतें. आणि मूळ कुजलें कीं भरपूर पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेनें वाळतें. आम्ही पानें मलूल पाहून पाणी घालीत होतों तें यासाठींच उलटलें.

आबांनीं एक पोतें मुरूम भरून दिला. पैसे विचारतां ते म्हणाले, "मुरमाचं पैसं घेऊ व्हय?" वर अंजिराच्या पानांत बांधून चार पिकलेलीं फळें दिलीं. सासवडास सोपानकाकांच्या समाधीचें दर्शन घेतलें. मातोश्रींच्या माहेरच्या आळींत एक फेरी मारली. त्यांच्या नात्याचें तेथें आतां कोणी राहत नाहीं. परतीच्या गाडींत वाहकानें पोत्याकडे बोट दाखवून विचारलें, "यात काय?" आम्हीं सांगितलें, "मुरूम." तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. "पुण्यातले दगड संपले का?" सारी गाडी हंसली.

घरीं आल्यावर फळें मातोश्रींपुढें ठेवलीं. त्यांनीं एक हातांत घेतलें, वास घेतला आणि विचारलें, "सासवडास गेला होतास?" आम्ही गप्प. "म्हणजे झाडं गेली ना?" आतां खोटें बोलणें शक्य नव्हतें. "किती राहिली?" "एक." त्यांनीं बराच वेळ कांहीं म्हटलें नाहीं. मग म्हणाल्या, "तेवढं तरी घालवूं नकोस."

मुरूम उत्तम, परंतु जड. एकट्या मुरमानें पिंप भरलें तर उद्यां नव्या इमारतीची गच्ची कुरकुरेल, आणि पाणी धरून ठेवण्यास त्यांत कांहींच नाहीं; शेतांत मुळें दूर जाऊन ओल शोधतात, पिंपांत कोठें जाणार? तेव्हां भरडपणा, हलकेपणा आणि ओल धरण्याची शक्ति या तिन्हींचा मेळ घालावयास हवा होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत लोणावळ्याच्या लोकलनें आम्ही कामशेतास गेलों. मावळ म्हणजे भाताचा मुलूख; इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांचा वास तेथील गिरण्यांच्या भिंतींना लागलेला असतो. गिरणीमागें तुसाचा ढीग माणसाहून उंच. हा तूस बहुतेक विटभट्ट्यांवर जळणास जातो. आम्हांस तो कुंडीसाठीं हवा हें ऐकून गिरणीवाल्यांनीं नाममात्र दाम घेतलें. तुसांत वाळूच्याच जातीचा सिलिका नांवाचा अंश पुष्कळ असतो, म्हणून तो लवकर कुजत नाहीं आणि मातीस वर्ष-दोन वर्षें फुगीर ठेवतो. गिरणीवरच्या एका बाईंनीं तूस काळा करण्याची कृतिही दाखविली: मधोमध निखारे, भोंवतीं तुसाचा ढीग, तो धुमसत काळा होत जातो, आणि सगळा काळा झाला कीं पांढरी राख होण्यापूर्वीं पाणी मारून विझवावयाचा. असा काळा तूस कोळशासारखा सच्छिद्र होतो. पांढरी राख मात्र क्षारयुक्त, शिवाय पोकळ्या बुजविते, ती नको. तीन पोतीं कोरा आणि एक पोतें काळा तूस घेऊन आम्ही परतलों. चार पोतीं असूनही ओझें असें वाटलेंच नाहीं.

उरला पालापाचोळा. भाड्याच्या घराच्या आवारांत एक मोठा पिंपरीचा वृक्ष होता. त्याचीं पानें झाडून लोक जाळीत असत. आम्हीं आदल्या वर्षापासून तीं एका भोंकें पाडलेल्या डब्यांत सांठवून, शेणकाल्याचा हबका मारून ओलीं ठेविलीं होतीं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनीं प्रयोग परिवाराच्या द्वारें पालापाचोळ्यांतून माती घडविण्याचें जें वेड महाराष्ट्रास लाविलें, त्याचा थोडा अंश आमच्यांतही होता. खत काळें, भुसभुशीत व मातीच्या वासाचें झालें होतें.

एवढें झालें आणि २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशीं, टाळेबंदी सुरू झाली. आणखी मुरूम आणणें अशक्य. एका पोत्यानें पिंप भरणार नव्हतें. तेव्हां मातोश्रींनींच तोड सुचविली. वाडा पाडतांना त्यांच्या हट्टास्तव दोन पोतीं जुन्या विटा आम्हीं आणून ठेविल्या होत्या; नव्या जागीं त्या विटांचें तुळशीवृंदावन बांधावयाचें असें त्यांच्या मनांत होतें. "वृंदावन काय, नव्या विटांचंही होईल," त्या म्हणाल्या. "फोड त्या."

भाजलेली वीट ही कुंडीसाठीं मुरमाइतकीच कामाची: कण भरड राहतो, आणि विटेच्या अंगीं असलेल्या सूक्ष्म छिद्रांत थोडी ओलही राहते. आमच्या वाड्याच्या विटा जुन्या, मऊ भाजणीच्या. हातोडीखालीं सहज फुटत. मात्र त्यांस चुन्याचा दर्जा चिकटलेला होता. चुना मातींत मिसळला म्हणजे झाडास लोह घेतां येत नाहीं आणि पानें फिकीं पडतात. अंजीर थोडा चुना सोसतें. लिंबू-संत्र्याचीं झाडें सोसत नाहींत. म्हणून प्रत्येक तुकडा खरवडून काढला, आणि शंका आली तेथें लिंबाचा थेंब टाकून पाहिला. फेंस आला तर चुना. मुलांस हा खेळच झाला. मुरमांतही चुनखडीचे खडे असतात, तेही अशाच रीतीनें वेंचले. डोळ्यांवर चष्मे, नाकातोंडास फडकीं बांधून दोन बंधु, पुतणे आणि नातवंडें विटा फोडीत बसलीं. गव्हाच्या चाळणीनें चाळून भुकटी टाकून दिली, कारण भुकटी पुन्हां पोकळ्या बुजविते. हरभऱ्यापासून बोरापर्यंतचे तुकडे ठेवले. ती चाळणी पुन्हां स्वयंपाकघरांत आली नाहीं आणि सूनबाईंनीं त्याचें शल्य अद्याप ठेविलें आहे.

प्रत्यक्ष मिश्रण ठरविण्यापूर्वीं तुपाच्या तीन जुन्या डब्यांस तळाशीं भोंकें पाडून एकांत काळी माती, दुसऱ्यांत नुसता तूस व खत, तिसऱ्यांत सर्वांचें मिश्रण भरलें आणि प्रत्येकांत तांब्याभर पाणी ओतलें. काळ्या मातीवर पाणी तळें करून राहिलें. दुसऱ्यांतून तें धांवत निघून गेलें. तिसऱ्यांतून झरझर उतरलें, पण दुसऱ्या दिवशींही आंत बोटास गारवा लागत होता. तें प्रमाण असें: मुरूम व विटांचा खर मिळून दोन घमेलीं, तूस दोन घमेलीं (निम्मा कोरा, निम्मा काळा), पानांचें खत दोन घमेलीं, आणि चाळलेली काळी माती अर्धें घमेलें. काळ्या मातीस अगदींच हद्दपार केली नाहीं. खताचा अंश धरून ठेवण्याचा गुण तिच्याइतका दुसऱ्या कोणांत नाहीं, फक्त तिला घरांत बहुमत देतां कामा नये. वर दोन मुठी निंबोळीची पेंड. स्नानघरांतल्या वजनकांट्यावर तोलून पाहतां दहा लिटरची बादली भिजलेल्या काळ्या मातीनें सतरा किलो भरली, आणि या मिश्रणानें दहा किलोंच्या आंत.

एप्रिलच्या उन्हांत रोप हलविण्याची ती वेळ नव्हे हें आम्ही जाणत होतों. पण थांबलों असतों तर पावसाळा आला असता. मुळांवरची कुजकी माती पाण्यानें धुतली, काळीं मुळें कापलीं, शंभर लिटरच्या निळ्या पिंपांत, तळाशीं व बाजूंस आठ भोंकें पाडून, रोप बसविलें आणि पंधरा दिवस सावलींत ठेविलें. (असें पिंप जुन्या बाजारांतून घेतांना त्यांत पूर्वीं काय होतें हें विचारून घ्यावें, आमच्यांत लोणच्याचा मसाला होता.) पिंप जमिनीवर न टेंकवितां तीन विटांवर ठेवावें, नाहींतर भोंकें असून नसल्यासारखीं. उंच भांडें बरें, पसरट नको. कारण स्पंजाप्रमाणेंच उंच भांड्यांत ओला थर तळाशीं राहतो आणि वर मुळांस कोरडी जागा पुष्कळ उरते.

विसाव्या दिवशीं शेंड्यावर मिरीएवढा हिरवा कोंब दिसला. त्या पावसाळ्यांत आम्ही रात्रीं उठून विजेरी घेऊन गच्चीवर जात असूं. एकही पान पिवळें पडलें नाहीं.

या मिश्रणांत दोष नाहींत असें नाहीं. कोरा तूस कुजतांना मातींतला नत्र स्वतःच खातो, त्यामुळें पहिल्या वर्षीं पानें जरा फिकीं राहिलीं. शेंगदाण्याची पेंड भिजवून, तें पाणी दहापट पातळ करून पंधरवड्यास एकदां देऊं लागलों तेव्हां रंग आला. निचरा चांगला म्हणजे खतही पाण्याबरोबर लवकर जातें; म्हणून थोडें थोडें, पण वारंवार द्यावें लागतें. उन्हाळ्यांत रोज पाणी. आणि दरवर्षीं पिंपांतला भराव चार-सहा बोटें खालीं बसतो, तो मार्गशीर्षांत खत व खर घालून पुन्हां वर आणावा लागतो.

२०२१ सालीं आम्ही नव्या इमारतींत परत आलों. गच्चीवर पिंप ठेवण्यास कार्यकारी मंडळींनीं हरकत घेतली: भार पडेल, गळेल. आम्हीं बादलीचीं दोन्ही वजनें लिहून दिलीं आणि पिंप तुळईवर येईल अशा जागीं ठेवण्याचें कबूल केलें. एका सभासदांनीं, फळझाडें कुंडींत लावावयाची ही कुठली रीत, असेंही विचारलें. त्यांस आम्हीं व्हर्सायच्या राजवाड्यांतील नारिंगांची बाग सांगितली. ती इमारत १६८४ ते १६८६ या काळांत बांधली गेली, आणि लांकडी पेट्यांतलीं झाडें हिवाळ्यांत तींत नेऊन ठेवतात. चौदाव्या लुईस जें चाललें तें आमच्या इमारतीस चालण्यास आणखी दोन सभा लागल्या.

२०२२ च्या एप्रिलांत झाडावर सात फळें धरलीं. दोन बुलबुलांनीं नेलीं. एक देवास. उरलेल्या चार फळांच्या सोळा फोडी मातोश्रींनींच विळीवर केल्या. आतां त्यांचा हात कांपतो, फोडी सारख्या झाल्या नाहींत. सर्वांस वांटून झाल्यावर शेवटची फोड त्यांनीं स्वतः तोंडांत घातली, डोळे मिटून चघळली. आम्ही तिघे बंधु, साठी ओलांडलेले, निकालाच्या दिवशींच्या मुलांप्रमाणें त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे.

"जरा पाणचट आहे," त्या म्हणाल्या. "पेंड वाढव."